बेंबीतलं तेल डोळ्याच्या पडद्यापर्यंत जात नाही

हा मेसेज तुमच्याकडेही आला असेल. ६२ वर्षांच्या एका गृहस्थांना अचानक डाव्या डोळ्याने कमी दिसायला लागलं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, डोळा चांगला आहे, पण त्याला रक्त पुरवणाऱ्या शिरा सुकल्यात, आता या डोळ्याने कधीच दिसणार नाही. इथून पुढे मेसेज बेंबीवर येतो. बाळ आईच्या पोटात बेंबीतूनच वाढतं, म्हणून बेंबी शरीरातल्या सगळ्या शिरांना जोडलेली असते. बेंबीच्या मागे ‘पेचोटी’ नावाची ग्रंथी असते, तिथून ७२,००० शिरा निघतात. कुठली शीर सुकली ते बेंबीला कळतं. रात्री झोपताना तूप किंवा खोबरेल तेलाचे तीन ते सात थेंब बेंबीत घालायचे, भोवती दीड इंच पसरवायचे, की सुकलेल्या शिरा उघडतात. आमच्या घरच्या ग्रुपवर जो मेसेज आला त्याला कुणीतरी शेपूटही जोडलं होतं: डोळ्यात इंजेक्शन आणि लेझर घेऊ नका, लेझरने पडदा जळतो, ज्यांनी घेतलं त्यांचे डोळे गेले.

मी पुण्यात डोळ्याच्या पडद्याच्या (रेटिनाच्या) दवाखान्यात ऑप्टोमेट्रिस्ट, म्हणजे डोळे तपासणारी तंत्रज्ञ, आहे. लोकांच्या डोळ्यांचे आतले फोटो काढणं हे माझं रोजचं काम. हा मेसेज मी वर्षानुवर्षं बघून सोडून देत आले, ही माझी चूकच झाली. कारण तो शेवगाव तालुक्यात माझ्या मावशीकडे पोचला आणि तिने तो मनावर घेतला.

मावशीला सतरा वर्षांची शुगर आहे. दोन्ही डोळ्यांच्या पडद्यावर शुगरचा परिणाम झालेला. उजव्या डोळ्यात इंजेक्शनं सुरू होती, पुढे दोन्हीकडे लेझर करायचं ठरलं होतं. त्यासाठी ती नगरला जायची. फेब्रुवारीपासून गेली नाही आणि आम्हाला कुणाला सांगितलंही नाही. जूनमध्ये तिचा फोन आला, “अगं, उजव्या डोळ्यापुढं काळा पडदाच ओढल्यासारखं झालंय. हाताची बोटं मोजता येईनात.” मी विचारलं, शेवटचं इंजेक्शन कधी घेतलंस? तर म्हणाली, “इंजेक्शन कशाला? बेंबीत तेल घालतेय की रोज.”

म्हणून आता एकेक मुद्दा घेते.

“बाळ बेंबीतून वाढतं, म्हणून बेंबी सगळ्या शिरांना जोडलेली”

यातलं पहिलं अर्धं वाक्य खरं आहे आणि सगळा मेसेज त्याच्याच जोरावर उभा आहे. नाळेत तीन रक्तवाहिन्या असतात, एक नीला (हृदयाकडे रक्त नेणारी) आणि दोन रोहिणी (हृदयाकडून रक्त नेणाऱ्या). पोटातल्या बाळाची फुप्फुसं श्वास घेत नसतात, त्यामुळे ऑक्सिजन वारेतून, त्या एका नीलेतून येतो. तुमच्या-माझ्या डोळ्याच्या पडद्याला आयुष्यातला पहिला ऑक्सिजन बेंबीच्या वाटेनेच मिळाला, हे मला मान्य आहे. पण तेव्हाही बेंबीतून डोळ्याकडे सरळ नळी गेलेली नव्हती. रक्त आधी यकृताकडे, तिथून हृदयात आणि मग शरीरभर जायचं.

नाळ कापली की त्या रक्तवाहिन्या काही मिनिटांतच आकसतात आणि पुढच्या दिवसा-आठवड्यांत कायमच्या बुजतात. मोठ्या माणसाच्या पोटात त्यांच्या जागी दोरीसारखे बंध उरतात, एक यकृताकडे जाणारा आणि दोन खाली मूत्राशयाच्या बाजूने जाणारे. त्यातून रक्त वाहत नाही. चौसष्ट वर्षांच्या बाईच्या बेंबीत तेल घातलं तर ते कातडीच्या वरच्या थरात मुरतं, थोडं साडीला लागतं.

पोटातल्या बाळाचा विषय निघालाच आहे तर त्यातली मोलाची गोष्ट सांगते. पडद्याच्या रक्तवाहिन्या साधारण सोळाव्या आठवड्यात डोळ्याच्या नसेपासून फुटायला लागतात आणि कडेपर्यंत पोचतात ते थेट जन्माच्या सुमाराला. त्यांना पुढे ओढून नेतो तो ऑक्सिजनचा तुटवडा. गर्भात ऑक्सिजन मुळातच कमी असतो. रक्तवाहिनी अजून न पोचलेल्या भागाची भूक वाढते, तो भाग रासायनिक हाक देतो आणि रक्तवाहिनी त्या दिशेने वाढते. बाळ खूप लवकर जन्मलं की ते एकदम भरपूर ऑक्सिजनमध्ये येतं. हाक थांबते, वाढ खुंटते. काही आठवड्यांनी तोच उपाशी भाग इतक्या जोरात हाका मारतो की वेड्यावाकड्या, गळक्या रक्तवाहिन्या फुटतात आणि पडदा ओढला जातो. १९४० आणि ५०च्या दशकांत पेटीतल्या बाळांना सढळ हाताने ऑक्सिजन दिला जायचा आणि त्यात हजारो मुलं आंधळी झाली. मेलबर्नच्या डॉक्टर केट कॅम्पबेल यांनी १९५१ साली ऑक्सिजनकडे बोट दाखवलं. मग लोकांनी ऑक्सिजन अगदी तोडला, तर बाळं दगावायला लागली. म्हणून आज बाळांच्या कक्षात ऑक्सिजनचा आकडा वर आणि खाली दोन्हीकडून सांभाळतात. तुमच्या घरात ३४ आठवड्यांच्या आत किंवा दोन किलोच्या आत जन्मलेलं बाळ असेल तर तीस दिवसांच्या आत त्याचा पडदा तपासून घ्या. फारच लहान बाळ असेल तर त्याहूनही लवकर.

“पेचोटी ग्रंथी आणि ७२,००० शिरा”

पेचोटी नावाची ग्रंथी शरीरात नाही. बहात्तर हजार नाड्यांचा उल्लेख योगाच्या जुन्या ग्रंथांत आहे, पण तिथे बोलणं प्राणाच्या वहनाबद्दल आहे, रक्ताच्या नळ्यांबद्दल नाही. त्या ग्रंथांना या मेसेजमध्ये ओढू नका.

“शिरा सुकल्या होत्या, तेलाने उघडल्या”

आता मुख्य गोष्ट. इथे मी थांबणार आहे, कारण मावशीचा डोळा याच वाक्यात गेला.

मावशीचा मुलगा, माझा मावसभाऊ, मला फोनवर म्हणाला, “ताई, तू म्हणतेस पडद्याला ऑक्सिजन कमी पडतोय. पण आईच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला, अठ्ठ्याण्णव दाखवतोय.” कोविडमध्ये घेतलेलं ते यंत्र त्यांच्या घरात अजून आहे. प्रश्न अगदी रास्त आहे आणि त्याचं उत्तर शेवगावच्या माणसाला समजवायला मला अवघड गेलं नाही. मुळा धरण शंभर टक्के भरलं तरी टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, शेताला पाणी मिळेल का? धरण भरलेलं, उजवा कालवा वाहतोय, आणि शेवटची चारी गाळाने बुजलेली असली तर ऊस वाळतोच. बोटावरचा ९८ हा धरणातल्या पाण्याचा आकडा आहे. पडद्यावरच्या कुठल्या चाऱ्या बुजल्यात, ते त्यातून कळत नाही. आणि म्हणूनच नाकाला ऑक्सिजनची नळी लावून किंवा खोल श्वास घेऊनही हे भागत नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन आधीच जवळजवळ भरलेलं आहे, धरणाच्या वर आणखी किती पाणी चढवणार?

पडदा म्हणजे जेमतेम पाव मिलिमीटर जाडीचा पापुद्रा. पण वजनाच्या मानाने मेंदूच्या तोडीस तोड ऑक्सिजन खातो. त्याला दोन बाजूंनी पुरवठा होतो. मागच्या बाजूने कोरॉइड नावाचा रक्ताने गच्च भरलेला थर असतो. डोळ्यात येणारं बहुतेक रक्त याच थरातून जातं आणि उजेड टिपणाऱ्या पेशी त्याच्यावर जगतात. पुढच्या निम्म्या भागाला मात्र एकाच रोहिणीच्या फांद्या पुरतात. ती नसेबरोबर डोळ्यात शिरते आणि झाडासारखी पसरते. या फांद्या एकमेकींना जोडलेल्या नसतात. एक बंद पडली तर शेजारणीकडून रक्त आणायची सोय नाही.

ऑक्सिजन थोडा कमी झाला तर निरोगी पडदा स्वतःच सांभाळून घेतो. रक्तवाहिन्या रुंदावतात, जास्त रक्त आत येतं. लेह-लडाखला गेलेल्या माणसाच्या पडद्याचा फोटो काढला तर शिरा फुगलेल्या, वळणावळणाच्या दिसतात. जास्त उंचीवर बारीक रक्तस्रावही होतात, आणि खाली उतरल्यावर बहुधा आपोआप जिरतात. तिथे हवेतच ऑक्सिजन कमी असतो, पाइप शाबूत असतात.

शुगरमध्ये उलट आहे. हवा भरपूर, पाइप खराब. वर्षानुवर्षं साखर वाढलेली राहिली की केशवाहिन्यांना (सगळ्यात बारीक रक्तवाहिन्यांना) बाहेरून धरून ठेवणाऱ्या पेशी मरतात, भिंत जाड होते, रक्तातल्या पांढऱ्या पेशी आत चिकटून बसतात आणि एकेक केशवाहिनी मिटत जाते. मेसेजमधला ‘सुकलेल्या’ हा शब्द त्या अर्थाने अगदीच चुकीचा नाही, एवढं मी मान्य करते. पण पुढे काय होतं ते मेसेज लिहिणाऱ्याला ठाऊक नाही. उपाशी पडदा गप्प बसत नाही. पेशींमध्ये ऑक्सिजनचा तुटवडा ओळखणारी एक यंत्रणा असते. ती उलगडल्याबद्दल सेमेन्झा, रॅटक्लिफ आणि केलिन या शास्त्रज्ञांना २०१९ चं नोबेल मिळालं. ही यंत्रणा जागी झाली की पेशी व्हीईजीएफ नावाचं प्रथिन सोडतात. गर्भात रक्तवाहिन्यांना बोलावणारी हाक ती हीच. पण म्हातारपणी, शुगरच्या डोळ्यात, त्या हाकेला ओ देऊन येतात त्या कच्च्या, पातळ भिंतीच्या रक्तवाहिन्या. त्या गळतात, म्हणून पडद्याच्या मध्यभागी सूज येते. त्या फुटतात, म्हणून डोळ्यात रक्त उतरतं. त्यांच्यासोबत वाढलेलं तंतूंचं जाळं आकसलं की पडदाच सुटून येतो.

म्हणजे मावशीच्या डोळ्याला ‘शिरा उघडायची’ गरज नव्हती. तिच्या डोळ्यात नको तितक्या नव्या शिरा उगवत होत्या, आणि त्या थांबवायच्या होत्या.

हे मी ऐकीव सांगत नाही. जूनमध्ये आम्ही तिला पुण्याला आणलं आणि डाय (रंगद्रव्य) टाकून फोटो काढले. दंडात शीर धरून पिवळा डाय सोडतात. मी कॅमेऱ्याला डोळा लावून सेकंद मोजत असते. दहा ते पंधरा सेकंदांत डाय डोळ्यात येतो. दंडातून हृदय, फुप्फुसं, परत हृदय, मान आणि मग डोळा. या सगळ्या वाटेत बेंबी कुठेच नाही. १९६१ साली नोव्होत्नी आणि आल्व्हिस यांनी ही पद्धत प्रसिद्ध केली तेव्हा ते दोघं अमेरिकेतल्या इंडियानात वैद्यकीचे विद्यार्थी होते आणि पहिला डाय त्यांनी आल्व्हिसच्याच दंडात टोचला होता. तेव्हापासून जगभर डाय कुठल्या वाटेने डोळ्यात जातो ते लोक डोळ्यांनी बघतायत.

मावशीचा उजवा डोळा रक्ताने भरलेला, तिथे काहीच दिसेना. डावा दिसला. काळ्या पडद्यावर आधी रोहिण्या पांढऱ्या उमटल्या, मग बारीक जाळी उजळायला लागली, आणि जिथे उजळायला हवी होती तिथे जागोजागी काळे डाग तसेच राहिले. कडेच्या बाजूला तर बोटाने पुसून काढावं तसा मोठा पट्टा काळा. ते सगळे बुजलेल्या चाऱ्यांचे भाग. त्या काळ्या पट्ट्याच्या काठावर दोन ठिकाणी डाय धुरासारखा पसरला. त्या नव्या, गळक्या रक्तवाहिन्या. जवळजवळ तीन महिने रोज तेल घातल्यानंतरचा हा फोटो आहे. एकही बुजलेली केशवाहिनी उघडलेली नव्हती.

“लेझरने पडदा जळतो, इंजेक्शनने डोळा जातो”

या शेपटाचा मला सगळ्यात जास्त राग आहे, कारण यात सत्याचा एक तुकडा घेऊन तो सुरीसारखा वापरलाय.

हो, लेझरने पडद्याला भाजतात. कडेच्या भागावर काही बैठकींमध्ये मिळून हजार-दीड हजार ठिपके देतात. कारण ऑक्सिजनचंच आहे. कडेच्या उजेड टिपणाऱ्या पेशी भरपूर ऑक्सिजन खातात. त्यातल्या काही कमी केल्या की मागच्या कोरॉइडमधला ऑक्सिजन त्या मोकळ्या जागांतून पुढच्या उपाशी भागापर्यंत झिरपतो. भूक शमते, हाका थांबतात, नव्या शिरा सुकतात. टेलचं पीक वाचवायला कडेचा थोडा ऊस काढून टाकावा तसं. याची किंमत मोजावी लागते हे मी लपवणार नाही. कडेची नजर थोडी कमी होते, रात्री अंधुक दिसतं, लेझर करताना काहींना दुखतं. मोबदल्यात मधली नजर टिकते.

किती टिकते, ते मोजलेलं आहे. अमेरिकेत १९७० च्या दशकात सतराशेहून अधिक शुगरच्या रुग्णांवर मोठी चाचणी झाली. प्रत्येकाच्या एका डोळ्याला लेझर, दुसऱ्याला नाही. कुठल्या डोळ्याला करायचं ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं होतं. त्यामुळे माणूस तोच, साखर तीच, रक्तदाब तोच, फरक फक्त लेझरचा. दोन वर्षांनी, लेझर न केलेल्या डोळ्यांपैकी सुमारे १६ टक्के डोळ्यांची नजर जवळपास गेलेली होती. लेझर केलेल्यांत सुमारे ६ टक्के. १९७६ साली हा फरक इतका स्पष्ट दिसला की न केलेल्या डोळ्यांनाही लेझर द्यायची मुभा चाचणी चालू असतानाच देण्यात आली. “ज्यांनी लेझर घेतलं त्यांचे डोळे गेले” असं म्हणणाऱ्याने याच्या निम्म्या तोलाचा तरी पुरावा आणावा. लेझर घेतलेल्यांतही काहींची नजर जाते, ती आजार पुढे गेलेला असतो म्हणून. न घेतलेल्यांत त्याच्या अडीचपट जाते, आणि ते कुणी ग्रुपवर लिहीत नाही.

इंजेक्शन म्हणजे तीच हाक मध्ये अडवणारं औषध. बेव्हॅसिझुमॅब, रॅनिबिझुमॅब अशी नावं कागदावर दिसतात. त्याचा असर महिना-दोन महिने राहतो, म्हणून पुन्हा पुन्हा घ्यावं लागतं. हजारो इंजेक्शनांत एखाद्या डोळ्यात जंतुसंसर्ग होतो आणि तो गंभीर असतो, हेही खरं. पण इंजेक्शन मध्येच सोडलं की बुजलेल्या चाऱ्या तशाच असतात, हाका पुन्हा सुरू होतात आणि शिरा परत उगवतात. मावशीचं नेमकं हेच झालं.

“पण मला फरक पडला होता!”

मावशी हे मला तावातावाने सांगत होती आणि ती खोटं बोलत नव्हती. मार्चमध्ये तिच्या उजव्या डोळ्यासमोर जळमटं तरंगायला लागली होती. तिने तेल सुरू केलं. तीन आठवड्यांत जळमटं गेली. पुढच्या तारखेला न जाण्याचं कारण तिला मिळालं.

झालं काय होतं? पहिला, छोटा रक्तस्राव. डोळ्याच्या पोकळीत पारदर्शक जेलीसारखा द्रव असतो. त्यात सांडलेलं थोडं रक्त माणूस उठत-बसत राहिला की हळूहळू खाली बसतं आणि नंतर शरीर ते शोषून घेतं. समोरचं दिसणं मोकळं होतं. तेल न घालताही होतं. मी असे रुग्ण दर आठवड्याला बघते. गळकी शीर मात्र जागेवरच असते. मार्चमध्ये ती दवाखान्यात गेली असती तर त्या शिरा लेझरने रोखता आल्या असत्या. जूनमध्ये त्याच जागी मोठा रक्तस्राव झाला.

मेसेजमधल्या ६२ वर्षांच्या गृहस्थांना खरंच बरं वाटलं असेल तर त्याचंही असंच काहीतरी असेल. पडद्याची नीला तुंबली तरी काही जणांना आपोआप थोडं बरं दिसतं. मेसेज पुढे ढकलणारा माणूस त्या गृहस्थांना भेटलेलाही नसतो.

“डॉक्टर म्हणाले, आता काही होणार नाही”

इतर सगळं सोडा, पण हे वाक्य वाचून कुणी घरी बसू नका. एका डोळ्याने अचानक, न दुखता, दिसेनासं झालं तर ते पडद्याच्या मुख्य रोहिणीत गुठळी अडकल्याचं लक्षण असू शकतं. मेंदूचा झटका असतो तसा हा डोळ्याचा झटका. अमेरिकेत आयोवात काम केलेले आपल्या पंजाबचे सोहनसिंग हयरे यांनी वयस्क माकडांवर मोजून दाखवलं होतं. रोहिणी सुमारे दीड तास बंद राहिली तर पडदा सावरतो, चार तासांच्या पुढे गेलं की न भरून येणारं नुकसान होतं.

अशा डोळ्याचा फोटो एकदा पाहिला की विसरत नाही. सगळा पडदा फिकट, दुधाळ पडलेला आणि बरोबर मध्यभागी चेरीसारखा लाल ठिपका. तिथे पडदा इतका पातळ असतो की मागच्या कोरॉइडचं रक्त तसंच लाल दिसतं. भोवतालचा भाग ऑक्सिजनवाचून सुजून पांढरा झालेला.

नजर परत येईलच, अशी खात्री कुणी देत नाही. पण त्याच माणसाला पुढच्या काही दिवसांत मेंदूचा झटका यायचा धोका वाढलेला असतो, म्हणून मानेच्या रोहिण्या, हृदय, रक्तदाब हे सगळं त्याच दिवशी तपासावं लागतं. रात्री तेल घालून सकाळी बघू म्हणणारा माणूस डोळ्यासोबत जिवाचाही धोका पत्करतो. आमच्याकडे लोक दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी येतात. विचारलं तर म्हणतात, वाटलं आपोआप बरं होईल.

“रात्री झोपताना घाला”

पडद्याला रात्रीच जास्त ऑक्सिजन लागतो. अंधारात दिसण्यासाठीच्या पेशी अंधारातच जास्त काम करतात, उजेड पडला की त्यांचा खर्च कमी होतो. यावरून शास्त्रज्ञांना एक चांगली कल्पना सुचली. शुगरच्या रुग्णांनी झोपताना मंद उजेड देणारी पट्टी डोळ्यांवर बांधली तर पडद्याची भूक कमी होईल, सूज उतरेल. कल्पना पटण्यासारखी होती, शरीरशास्त्रात बसणारी होती. ब्रिटनमध्ये तीनशेहून अधिक रुग्णांवर दोन वर्षं करून पाहिलं. फायदा झाला नाही. २०१८ साली तसं छापून सांगितलं आणि विषय संपवला. इतकी सयुक्तिक कल्पनासुद्धा कसोटीवर उतरली नाही म्हणून सोडून दिली. बेंबीतल्या तेलाला पडद्याच्या आजारासाठी अशा कसोटीवर कुणी लावल्याचं माझ्या तरी पाहण्यात नाही आणि ते कितीतरी फोनवर फिरतंय.

गुडघे, फुटलेले ओठ, केस, थरथर यांच्याबद्दल मेसेजमध्ये आणखी सात-आठ ओळी आहेत. कोरड्या कातडीला तेलाने बरं वाटतं, पोटावर हलक्या हाताने तेल चोळलं की झोप छान लागते, हे घरोघरी माहीत आहे. लावा. इंजेक्शनच्या तारखेला मात्र दवाखान्यात जा.

कारण “करून बघायला काय हरकत आहे, तेलच तर आहे” हे मला मावशीनेही ऐकवलं, तिच्या सुनेनेही ऐकवलं. तेलाने मावशीला काही झालं नाही. चुकलेल्या तारखांनी झालं. पडद्याच्या आजाराचं सगळ्यात वाईट हेच आहे की तो दुखत नाही. दात दुखला की माणूस रात्रीच डॉक्टरचं दार वाजवतो. पडदा उपाशी मरत असतो आणि समोरचं कॅलेंडर स्पष्ट दिसत असतं. चष्म्याचा नंबर बरोबर, टीव्ही दिसतोय, मग तपासणी कशाला? शुगर असेल तर वर्षातून एकदा बाहुली मोठी करायचे थेंब घालून पडदा बघून घ्यायलाच हवा, दिसत असलं तरीही.

मावशीच्या उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. आतलं रक्त काढलं, तिथेच लेझर केलं. आता तिला त्या डोळ्याने दारातला माणूस कळतो, चेहरा कळत नाही. मध्यभागाची सूज जुनी झाली होती, तेवढी नजर परत येणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं. डाव्या डोळ्याला लेझरच्या तीनपैकी दोन बैठका झाल्यात. त्या डोळ्याने ती अजून सुईत दोरा ओवते. पहिल्या बैठकीनंतर बाहेर आली तेव्हा म्हणाली, “एवढंच होतं होय? मी उगाच भ्यायले.” मला रडू आलं.

मेसेज ग्रुपवर कुणी टाकला तेही आम्ही शोधलं. मावशीच्या दिरांनी. त्यांना त्यांच्या मित्राने पाठवला होता, मनात वाईट काही नव्हतं, वहिनीच्या काळजीनेच टाकला. त्यांना स्वतःला अकरा वर्षांची शुगर आहे. मी विचारलं, काका, तुमचा पडदा कधी तपासला? म्हणाले, मला तर सगळं दिसतं. येत्या शनिवारी मावशीच्या तिसऱ्या बैठकीला त्यांनाही गाडीत घालून आणायचं, असं मावसभावाला सांगितलंय.